ख्रिस्टी मॅथ्यूसन, वर्षवार : प्रकल्पाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२३

पेन्सिल्व्हेनियातल्या स्क्रँटनबाहेरच्या जुन्या बाजारातून एक फोटो-पोस्टकार्ड आणलं. ४० डॉलर. बेसबॉलच्या पोशाखातला उंच, रुंद खांद्यांचा तरुण, छातीवर एनवाय (न्यूयॉर्क), मागे लाकडी कुंपण. विकणाऱ्याचं म्हणणं, हा ख्रिस्टी मॅथ्यूसन, न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाचा गाजलेला पिचर (चेंडू टाकणारा), साल १९०५.

या भागात वीस वर्षं राहिल्यावर हे नाव कानावर आल्याशिवाय राहत नाही. त्याचं जन्मगाव फॅक्टरीव्हिल इथून गाडीनं पंचवीस मिनिटांवर. मला बेसबॉल शिकवला तो शेजारच्या आजोबांनी, उन्हाळ्याच्या संध्याकाळी पोर्चवर बसवून, रेडिओवरचा सामना थांबत थांबत समजावून सांगत. मॅथ्यूसन त्यांच्याही जन्माआधीचा, पण ते त्याच्याबद्दल घरातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. "मॅटी". आजोबा गेल्या वर्षी गेले. कार्ड हातात घेतल्यावर पहिली आठवण त्यांची झाली, आणि घासाघीस न करता पैसे देऊन मोकळी झाले.

१६ जानेवारी

भिंगाखाली धरलं. ठिपके नाहीत, म्हणजे छपाई नव्हे, खरा फोटो आहे. इथवर ठीक.

मग पाठ बघितली. तिकीट लावायच्या चौकटीत अ‍ॅझो हे कागदाच्या कंपनीचं नाव, आणि कोपऱ्यांत चार त्रिकोण, दोन वर टोक केलेले, दोन खाली. चारही त्रिकोण वर असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. दोन वर, दोन खाली असतील तर १९१८ नंतरचा. शिवाय पाठ मधोमध रेघेनं दुभागलेली आहे, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. अमेरिकेत अशी कार्डं १ मार्च १९०७ पासून चालू झाली. १९०५ चा प्रश्नच उरला नाही.

मॅथ्यूसन १९१६ नंतर न्यूयॉर्ककडून खेळला नाही, आणि १९१९ मध्ये प्रशिक्षक म्हणून परतला तेव्हा असा तरुण उरला नव्हता. तेव्हा हा कुणी तरी दुसराच, एखाद्या गावच्या संघातला हौशी मुलगा असणार.

रात्री मिरजेला अप्पांना फोन केला. अप्पांनी पंचेचाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, १९६४ ते २००९. ते ज्यांच्या हाताखाली शिकले ते मास्तर शाळेच्या ग्रुप फोटोंना काचेच्या प्लेटा वापरत. सगळं ऐकून म्हणाले, "अगं, माणूस बघून फोटो घेऊ नये. आधी कागद बघायचा, मग पाठ, मग माणूस."

कार्ड ठेवून दिलंय. नोंदवहीत क्रमांक शून्य.

२९ जानेवारी

दोन आठवडे डोक्यात घोळत होतं, आज कागदावर उतरवलं.

मॅथ्यूसन न्यूयॉर्क जायंट्सकडून पहिला सामना खेळला १९०० साली, वारला १९२५ साली. म्हणजे सव्वीस वर्षं, सव्वीस खण. प्रत्येक खणात त्या वर्षी काढलेला निदान एक फोटो. शक्यतो अस्सल, त्या काळातला प्रिंट. न मिळाल्यास सार्वजनिक संग्रहातल्या निगेटिव्हवरून काढलेली प्रत, आणि तिच्यावर 'प्रत' असं स्पष्ट लिहिलेलं.

पैशांची मर्यादा महिन्याला १५० डॉलर. तेवढ्यात काय येतं हे आत्ताच समजून घ्यायला हवं. व्यापारात जुन्या फोटोंचे चार प्रकार करतात. मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत केलेला प्रिंट हा पहिला प्रकार. मूळ निगेटिव्ह पण प्रिंट नंतरचा, तो दुसरा. प्रतीवरून प्रत काढलेली पण त्याच काळातली, ती तिसरी. प्रतीची प्रत आणि तीही उशिराची, ती चौथी. मॅथ्यूसन भरात असतानाचा पहिल्या प्रकारचा प्रिंट कित्येक हजार डॉलरला जातो. तो माझ्या घरात येणार नाही, हे लिहून ठेवते आणि पुढे जाते.

सिगारेटच्या पाकिटातून मिळायची ती रंगीत कार्डं गोळा करणारे पुष्कळ आहेत. बॉस्टनच्या कार्ल हॉर्नरनं स्टुडिओत काढलेल्या कितीतरी फोटोंवरून ती कार्डं रंगवली गेली. पण ती दगडछपाई. मला उजेडानं उमटलेला माणूस हवाय.

१२ फेब्रुवारी

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला जॉर्ज ग्रँथम बेनचा संग्रह. बेनची वृत्तसंस्था वर्तमानपत्रांना फोटो पुरवायची. तिच्या सुमारे ४०,००० काचेच्या निगेटिव्ह लायब्ररीनं १९४८ मध्ये विकत घेतल्या. आता त्यांच्या मोठ्या आकाराच्या फायली कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. शेरा असा की प्रकाशनावर कोणतंही ज्ञात बंधन नाही.

पहिल्या आठवड्यात चौदा घेतल्या. पडद्यावर मोठ्या करत गेले की हातमोज्याची शिवण दिसते, बुटांच्या तळाचे लोखंडी काटे दिसतात, गालावरची वस्तऱ्याची निळसर छटा दिसते. कडेला पांढऱ्या अक्षरांत संस्थेतल्या कुणीतरी हातानं लिहिलेलं नाव. अप्पांना एक फाइल पाठवली. त्यांनी उलट विचारलं, "ही अक्षरं पांढरी का उमटली, सांग बघू." काचेवर शाईनं लिहिलं की तिथून उजेड जात नाही आणि प्रिंटवर ती जागा कोरी राहते. पण लिहिणाऱ्याला अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढावी लागत. हे काम करणाऱ्या माणसाचा हात किती बसलेला असेल! अप्पांनाही तसं उलटं लिहिता येतं, हे मला एकावन्नाव्या वर्षी कळलं.

५ मार्च

आता मूळ ओढ कशाची आहे ते लिहिते.

मॅथ्यूसनच्या नावावर ३७३ विजय आहेत. १९०५ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे वर्षअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत, त्यानं सहा दिवसांत तीन सामने टाकले, ९, १२ आणि १४ ऑक्टोबरला. सत्तावीस डाव (एका सामन्यात नऊ), आणि फिलाडेल्फियाच्या संघाला त्यानं एकही धाव दिली नाही. ज्या चेंडूसाठी त्याचं नाव झालं तो म्हणजे फेडअवे.

क्रिकेट बघणाऱ्याला हा चेंडू चटकन कळेल. उजव्या हाताच्या पिचरचा नेहमीचा कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, उजव्या हाताच्या बॅटरपासून बाहेर जातो, जसा लेगब्रेक. फेडअवे त्याच माणसाच्या हातून निघून उलट, बॅटरच्या अंगात येतो, जशी गुगली. डावखुऱ्यापासून तो दूर विरत जातो, म्हणून ते नाव. युक्तीही गुगलीसारखीच, सगळी मनगटात. हात बाहेरच्या बाजूला पिळायचा, तळवा देहापासून उलटा फिरवायचा. आणि योगायोग बघा, इंग्लंडच्या बोझांक्वेनं लॉर्ड्सवर गुगली पहिल्यांदा सामन्यात टाकली ते साल १९००, आणि मॅथ्यूसन न्यूयॉर्कला आला तेही १९००. दोन खंडांत दोघं आपापलं मनगट उलटं वळवत होते.

हा पीळ हाताला फार जाचे. म्हणून तो फेडअवे मोजकेच टाकायचा, सामना अडला की.

मला तो पीळ बघायचाय. फोटोत. सव्वीस खणांपैकी एका तरी खणात चेंडू सुटतानाचं ते मनगट असावं.

१९ मार्च

घाई झाली होती. हात पुढे आल्यावर तळवा बाहेर वळलेला दिसतो असे दोन फोटो सापडले म्हणून खूश होते. मुलगा फिजिओथेरपी शिकतो. त्यानं मान हलवली. "आई, चेंडू सुटल्यानंतर हात असा वळतोच, कुठलाही चेंडू टाक. कोपर-खांद्यावरचा ताण असाच उतरतो." त्यानं स्वयंपाकघरात लिंबू घेऊन करून दाखवलं. खरंय.

म्हणजे पुरावा फक्त सुटण्याच्या क्षणाचा. त्याच्या आधीचा नाही, नंतरचा नाही.

२ एप्रिल

आणि तो क्षण काचेवर उतरणं जवळजवळ अशक्य होतं, हे आज नीट समजलं.

त्या काळचे बातमी-छायाचित्रकार ग्राफ्लेक्स वापरत. वरून मुंडी घालून बघायचं, आत आरसा, मागे पडद्याचं शटर, सर्वांत वेगवान सेकंदाचा हजारावा भाग. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण प्लेटा मंद असल्यानं त्या वेगाला उजेड पुरत नसे. शिवाय पडद्यातली फट प्लेटेवरून सरकत जाते, सगळी प्लेट एका क्षणी उघडत नाही. अप्पांचे शब्द : "फट हातापर्यंत पोचेस्तोवर हात पुढं गेलेला असतो. चेहरा एका वेळेचा आणि मूठ दुसऱ्या वेळेची." म्हणून त्या फोटोंत चेहरा लखलखीत आणि मनगटापुढे धुरकट पुंजका.

तिसरी गोष्ट. ज्याला सगळे 'पिचिंग करताना' म्हणतात ते बहुतेक फोटो सामन्यातले नाहीतच. छायाचित्रकार सामन्याआधी मैदानात उतरत आणि पिचर बाजूला हात मोकळा करत असताना जवळून प्लेट घेत. ओळखायची खूण सोपी आहे. मागची आसनं रिकामी, दुसरे खेळाडू हात बांधून उभे, बॅटर कुठेच नाही. हात मोकळा करताना आपला दुखणारा चेंडू तो कशाला टाकेल?

हे कळूनही शोध सोडवत नाही.

२३ एप्रिल

साल ठरवायच्या खुणांचा तक्ता भिंतीला लावला. कामाची गोष्ट आहे म्हणून इथेही उतरवते.

काळा पोशाख, छातीवर पांढरी मोठी अक्षरं : १९०५ ची वर्ल्ड सीरिज. व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉनं खास शिवून घेतलेला. पण १९११ च्या वर्ल्ड सीरिजला, त्याच फिलाडेल्फियाविरुद्ध, त्यानं पुन्हा काळे कपडे बाहेर काढले. तेव्हा काळा दिसला की लगेच १९०५ म्हणायचं नाही, चेहरा बघायचा. पंचविशीतला मॅटी आणि एकतिशीतला मॅटी यांत गालांचा फरक आहे.

छातीवर 'जगज्जेते' अशी इंग्रजी अक्षरं : १९०६. आदल्या वर्षीचा विजय मॅकग्रॉनं छातीवर मिरवला.

मागची गॅलरी लाकडी की काँक्रीटची : ही सर्वांत भरवशाची खूण. १४ एप्रिल १९११ च्या पहाटे जायंट्सच्या मैदानाची, पोलो ग्राउंड्सची, लाकडी गॅलरी जळाली. जायंट्स दुसऱ्या संघाच्या मैदानावर, हिलटॉप पार्कात खेळायला गेले आणि २८ जूनला, बांधकाम चालू असतानाच, काँक्रीट-पोलादाच्या नव्या गॅलरीसमोर परत आले. पोलो ग्राउंड्सच्या गॅलरीत लाकडी खांब दिसला की फोटो आगीआधीचा.

सिनसिनाटीचा पोशाख : २० जुलै १९१६ नंतरचा. त्या दिवशी जायंट्सनं त्याला तिकडे व्यवस्थापक होता यावं म्हणून सोडलं. सिनसिनाटीकडून त्यानं एकच सामना टाकला, ४ सप्टेंबर १९१६ ला, शिकागोच्या तीन बोटांच्या मॉर्डेकाय ब्राउनसमोर. दोघांचाही तो शेवटचा. १०-८ नं मॅटी जिंकला.

पाठीवरचा तारखेचा शिक्का : ही फोटो काढल्याची तारीख नसते, छापल्याची असते. वर्तमानपत्रं एकच प्रिंट दहा दहा वर्षं कपाटात ठेवून पुन्हा वापरत. एका पाठीवर मी सहा शिक्के मोजलेत.

अंधारात जांभळ्या दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला : दुसऱ्या महायुद्धानंतरचा कागद. साहजिकच नंतरची प्रत.

३० एप्रिल

तक्त्यात भर. हेन्री मॅथ्यूसन. धाकटा भाऊ. १९०६ आणि १९०७ मध्ये तोही जायंट्सकडून थोडे सामने खेळला, पिचरच होता. त्यामुळे त्या दोन वर्षांतल्या ज्या फोटोवर फक्त आडनाव आहे तो भिंग लावून बघायचा. हेन्री १९१७ मध्ये क्षयानं गेला.

२० मे

पहिली खरी खरेदी. १९१७, सिनसिनाटीचा व्यवस्थापक, डगआउटच्या (खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या) पायरीवर एक पाय ठेवून उभा. प्रिंट त्याच काळातला, काळ्या भागांत चांदी वर आलेली. तिरपा धरला की आरशासारखी निळसर झाक मारते. अप्पांना व्हिडिओवर दाखवला तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. "ही नक्कल करता येत नाही बघ. शंभर वर्षं लागतात." कडेला पिवळे डाग आहेत. ते म्हणाले, हायपो (फोटो पक्का करणारं रसायन) नीट धुतला नाही. संध्याकाळच्या अंकाची गडबड असणार, कोण अर्धा तास पाण्यात ठेवतो!

३१० डॉलर. दोन महिन्यांचे पैसे गेले.

आणि माझ्याच हातून नुकसान झालं. पाठीमागे क्रमांक लिहायला बॉलपेन घेतलं. समोरच्या बाजूनं आकाशात '१७' चा वळ उठलाय, पुसट, पण उजेडात धरलं की दिसतो. अप्पा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. मग हळू म्हणाले, "मऊ शिसपेन्सिल, आणि फोटो काचेवर पालथा ठेवून. तेही कडेला." यापुढे क्रमांक फक्त पाकिटावर. पाकिटं पॉलिएस्टरची, मागे आम्लविरहित पुठ्ठा, खोका तळघरात नाही, आतल्या खोलीतल्या कपाटात.

१२ ऑगस्ट

त्याचा वाढदिवस, १८८० चा. सकाळी फॅक्टरीव्हिल. गाव लहान आहे, दर ऑगस्टला त्याच्या नावानं दिवस साजरा करतं. तिथून दोन तासांवर लुइसबर्ग, जिथे तो बकनेल विद्यापीठात शिकला. अमेरिकन फुटबॉलही खेळायचा, आणि लाथेनं गोल मारण्यात त्याचं नाव होतं. स्टेडियमला आता त्याचं नाव आहे. स्मशानभूमी विद्यापीठाला लागूनच. दगड साधा. कुणीतरी चेंडू ठेवले होते, पावसानं शिवण उसवलेले. मी अर्धा तास बसले. आजोबांनी मला इथे आणायचं कबूल केलं होतं.

१९०० च्या खणाचा प्रश्न तिथे जाऊन सुटला. त्या वर्षी न्यूयॉर्ककडून तो जेमतेम सहा सामने खेळला, तीन हरला, एकही जिंकला नाही, आणि परत पाठवला गेला. अशा पोराचा फोटो कोण काढणार! पण कॉलेजातला मॅटी ग्रुप फोटोंत आहे. एकाची प्रत खणात ठेवते. त्यात तो मागच्या रांगेत आहे, बाकीच्यांपेक्षा डोकंभर उंच, आणि त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नाहीये.

९ सप्टेंबर

आजची नोंद काळजीपूर्वक लिहिते.

एका विक्रेत्यानं निरोप पाठवला : पुठ्ठ्यावर चिकटवलेला मोठा प्रिंट, जायंट्सचा पूर्ण संघ, लाकडी गॅलरी, मॅटी मधल्या रांगेत. ९०० डॉलर. त्या मालाला ही किंमत फारच कमी होती. पाठीचा फोटो मागितला तर दोन दिवसांनी आला, धूसर. आडव्या उजेडात पुन्हा काढून पाठवा म्हटलं. अप्पांनीच हे शिकवलं, दिवा टेबलाच्या पातळीला ठेवायचा म्हणजे खरवडलेलं दिसतं. त्या माणसानं बिचकत पाठवला. पुठ्ठ्याच्या मधोमध लांबट गोल जागा, बाकीच्या पाठीपेक्षा फिकट आणि पिंजलेली.

तिथे कधीतरी शिक्का होता आणि कुणीतरी तो पात्यानं काढलाय.

या क्षेत्रात हे का भितीदायक आहे ते लिहायला हवं. जुना खेळाडू आणि क्रीडासाहित्याचा व्यापारी अल्बर्ट स्पाल्डिंगनं आयुष्यभर जमवलेला बेसबॉलचा संग्रह त्याच्या पत्नीनं १९२१ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला दिला. बॉस्टनचा दारूगुत्तेवाला मायकल मॅकग्रीव्ही, त्यानं आपल्या भिंतींवरचे फोटो १९२३ मध्ये बॉस्टन पब्लिक लायब्ररीला दिले. दोन्ही ठिकाणांहून पुढे कितीतरी फोटो चोरीला गेले. लोकांनी सर्वांसाठी दिलेली वस्तू, आणि ती पातं लावून कुणाच्या तरी बैठकीत गेली. आज पाहिलेला खरवडलेला फोटो कुठल्या संग्रहातला हे मला सांगता येत नाही. कदाचित एखाद्या बंद पडलेल्या वर्तमानपत्राचा शिक्काही असेल. पण शिक्का अभिमानानं ठेवण्याची वस्तू असते. तो असला की किंमत वाढते. काढून टाकण्याचं प्रामाणिक कारण मला सुचत नाही.

नको म्हणून कळवलं. शिक्क्याबद्दल विचारलं. उत्तर नाही. दोन्ही ग्रंथालयांना माहिती आणि तिन्ही फोटो पाठवले.

रात्रभर तो संघ डोळ्यांसमोर होता. १९०८ च्या खणात बसला असता. मॅटीचे ३७ विजय त्या वर्षीचे.

७ ऑक्टोबर

१९२५ साली आजच्या दिवशी, सॅरॅनॅक लेकला, पंचेचाळिसाव्या वर्षी मॅटी गेला. त्याच दुपारी वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना झाला, वॉशिंग्टनचा पिचर वॉल्टर जॉन्सननं तो जिंकला. दुसऱ्या दिवशी दोन्ही संघ दंडाला काळ्या फिती बांधून उतरले.

१९ नोव्हेंबर

अप्पांनी फोनवर विचारलं, "तुझ्या या मॅटीच्या काळात आपल्याकडं कोण होतं गं?" मी म्हटलं, पळवणकर बाळू. आणि मग दोघंही गप्प झालो.

१९११. ज्या वर्षी मॅटीनं न्यूयॉर्कसाठी २६ सामने जिंकले, त्याच उन्हाळ्यात बाळू इंग्लंडच्या दौऱ्यावर होते. डावखुरे फिरकी गोलंदाज, ११४ बळी. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणारा, जाळ्यात साहेबांना चेंडू टाकणारा चर्मकार समाजातला तरुण तिथवर पोचला होता, आणि पुण्याच्या आपल्याच संघातल्या लोकांनी त्यांना चहा मातीच्या भांड्यात, मांडवाबाहेर दिला होता. पुढचे काही दिवस त्यांचे फोटो शोधले. मोजून चार हाती लागले, चारही छापील पानांवरून घेतलेल्या प्रती, भिंगाखाली नुसते ठिपके. गोलंदाजी करतानाचा एकही नाही. मॅटीच्या मनगटासाठी मी वर्षभर झगडतेय. बाळूंच्या मनगटासाठी झगडायला मला काचच मिळाली नाही.

अप्पा म्हणाले, मिरज-सांगलीकडच्या जुन्या स्टुडिओवाल्यांच्या घरी विचारून बघतो. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. वहीच्या मागच्या पानावर बाळूंसाठी वेगळं शीर्षक घातलं.

१४ जानेवारी २०२४

एक वर्ष झालं. हिशेब : सव्वीसपैकी एकोणीस खण भरले. त्यात अस्सल प्रिंट सहा, बाकी प्रती.

सहाही अस्सल प्रिंट १९१७ किंवा त्यानंतरचे आहेत.

हे ठरवून झालं नाही, बाजारानं केलं. टोपी-मोजातला मॅटी हजारोंना. लष्करी गणवेशातला, १९१८ मध्ये रासायनिक विभागाचा कॅप्टन म्हणून फ्रान्सला निघालेला मॅटी काही शेकड्यांना. आणि ओव्हरकोटमधला, गाल बसलेला, बॉस्टन ब्रेव्ह्ज या संघाचा अध्यक्ष मॅटी त्याहून कमी. फ्रान्सहून आल्यावर १९२० मध्ये क्षय निघाला. अ‍ॅडिरॉन्डॅकच्या थंड हवेत, सॅरॅनॅक लेकच्या क्षयरोग्यांच्या गावात, उघड्या व्हरांड्यात पडून राहायचं, हाच तेव्हाचा इलाज. तिथून थोडा उठला तो १९२३ मध्ये ब्रेव्ह्जचा अध्यक्ष झाला. या वर्षांतला मॅटी विकत घ्यायला फारसं कुणी येत नाही. विक्रेते 'खेळाडू म्हणून नव्हे' असं लिहून किंमत पाडतात.

मी सहाही प्रिंट टेबलावर ओळीनं मांडले. १९२४ च्या फोटोत तो बाकावर बसलाय, मांडीवर हॅट. उजवा हात हॅटच्या कडेवर. त्या हाताकडे मी बराच वेळ बघत राहिले. खेळतानाच्या एकाही फोटोत तो हात मला इतका स्पष्ट दिसलेला नाही.

३ मार्च

पत्र आलं, दोनांपैकी एका ग्रंथालयाकडून. त्यांच्या हरवलेल्या यादीशी ताडून बघत आहेत. आभार मानलेत.

१३ एप्रिल

आज आलेलं पाकीट. १९२३ चा बातमी-प्रिंट, २४० डॉलर. विक्रेत्याचं वर्णन एवढंच : 'अध्यक्ष मॅथ्यूसन, साधे कपडे, रंगकाम केलेलं.' रंगकाम आहे म्हणून स्वस्त.

सूट, टाय, आखूड कापलेले केस. उजवा हात खांद्याच्या उंचीवर धरलाय आणि हातात चेंडू. तळवा बाहेर, अंगठा खाली. कुणीतरी बातमीदारानं "ते कसं टाकायचात?" असं विचारलं असणार, आणि त्यानं उभ्या उभ्या दाखवलं. हात हलत नाही, म्हणून पुंजका नाही.

फेडअवेचं मनगट.

पण वर्तमानपत्रातल्या चित्रकारानं छपाईत उठून दिसावं म्हणून बोटांभोवती पांढऱ्या रंगानं ब्रश फिरवलाय. अंगठ्याची कड पूर्ण रंगानं काढलेली आहे. म्हणजे तो अंगठा मॅटीनं तसा धरला होता, की चित्रकारानं तिथे काढला? अप्पांना स्कॅन पाठवला, इंचाला १२०० ठिपक्यांचा, मग पाठीचा, मग आडव्या उजेडातला. तासाभरानं फोन आला.

"रंग पाण्याचा आहे. ओल्या कापसानं निघेल."

मी म्हटलं, "काढू?"

"मी चाळीस वर्षं हेच काम केलं," अप्पा म्हणाले. "लोकांच्या नाकाची, पदराची कड काढली. त्या माणसानं पण पोटासाठी काढली असणार. राहू दे की."

मग त्यांनीच सांगितलं, खालून बघ. प्रिंट काचेवर ठेवला, खालून दिवा. रंग जाड आहे तिथे उजेड अडतो, पण अंगठ्याच्या बुडाशी ब्रश पातळ झालाय. तिथे रंगाखाली करडी कड दिसते, खरी, फोटोतली, आणि ती खालीच वळलीय.

अप्पा तिकडे पडद्याजवळ डोळे नेऊन बघत होते. "आणखी जरा डावीकडं सरकव दिवा," म्हणाले.

खण १९२३. अस्सल, पहिला प्रकार, रंगकामासह. क्रमांक पाकिटावर, पेन्सिलनं. रिकामे खण सहा : १९०२, १९०३, १९०७, १९०८, १९१४, १९१९.